गाळणं, गळणं आणि न येणारी हाक

ऑक्टोबर २०१७मध्ये पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची दहावी आवृत्ती आली. बदलांच्या लांबलचक यादीत एक बदल निव्वळ नावाचा होता. 'पीजी_एक्सलॉग' या फोल्डरचं नाव 'पीजी_वॉल' झालं आणि 'पीजी_क्लॉग'चं 'पीजी_एक्सॅक्ट'. कारणही तिथेच नोंदवलेलं होतं. आत बिनमहत्त्वाच्या लॉग फायली असाव्यात अशा समजुतीनं काही जण या फोल्डरांतल्या फायली हातानं पुसून टाकत, आणि मग गेलेली माहिती कोणत्याही उपायानं परत येत नसे. सर्व्हरची डिस्क भरत आली की जागा मोकळी करायला माणूस आधी लॉगकडेच वळतो. पुसणाऱ्यानं नावावर विश्वास ठेवला, एवढंच. शब्दाच्या अर्थाची चर्चा हा निवांत वेळचा उद्योग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापुढे मी हे उदाहरण ठेवतो.

'लॉग' म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. या ओंडक्याचं वहीशी नातं जुळलं ते समुद्रावर. जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा मागच्या बाजूनं पाण्यात टाकत. तुकडा पाण्यात जागच्या जागी राही, जहाज पुढे जाई आणि दोरी सुटत जाई. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचं. विल्यम बोर्न या इंग्रज लेखकानं १५७४मध्ये नौकानयनावरच्या पुस्तकात लाकडाचा तुकडा टाकून वेग मोजायची रीत सांगितली आहे. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींमध्येच सांगतात. मोजलेला आकडा ज्या वहीत उतरवायचा ती लॉगबुक. पुढे 'बुक' गळून पडलं आणि वहीलाच लॉग म्हणू लागले. गणितातला लॉग मात्र वेगळा. जॉन नेपियरनं ग्रीक 'लोगोस' आणि 'अरिथमोस' जोडून लॉगॅरिदम हा शब्द घडवला, १६१४मध्ये तो छापून आला, आणि त्याचं हे लघुरूप. लाकडाशी त्याचा संबंध नाही.

संगणकात आल्यावर 'लॉग' या एका शब्दावर दोन निराळ्या वह्यांचा भार पडला. प्रोग्रॅम चालताना अमक्या वाजता अमुक घडलं असं माणसासाठी लिहून ठेवतो, ती पहिली वही. ती हरवली तर चौकशीला अडचण येते, पण काम अडत नाही. दुसरी वही डेटाबेस स्वतःसाठी लिहितो. ती हरवली तर आपल्याकडचं पक्कं काय आणि अर्धवट काय, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. मराठीत या दोन वह्यांना पूर्वीपासून दोन नावं आहेत: रोजनिशी आणि रोजकीर्द.

रोजनिशीतला 'निशी' रात्रीशी जोडायचा मोह होतो. तो आहे फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. चिटणीस आणि फडणवीस यांच्या अंगी आहे तोच. कीर्दही फारसीच. 'कर्दन' म्हणजे करणं, आणि 'कर्द' म्हणजे केलं. संस्कृत 'कृत'चा हा सख्खा भाऊ. एका वहीत त्या दिवशी लिहिलेलं आहे आणि दुसरीत त्या दिवशी केलेलं. पेशवे दफ्तराच्या रुमालांत रोजकीर्दी आहेत, आणि वाणिज्य शाखेच्या मराठी पुस्तकांत जर्नलला आजही रोजकीर्दच म्हणतात.

कीर्दीची शिस्त अशी की व्यवहार झाला की तो आधी तारीखवार कीर्दीत उतरवायचा आणि मग ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा, म्हणजे खतावायचा. खतावणी जळाली तर कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. डेटाबेसच्या 'राइट-अहेड लॉग'ची, आद्याक्षरांनी 'वॉल'ची, शिस्त हीच. टेबलाचं बदललेलं पान डिस्कवर जाण्याआधी त्या बदलाची नोंद लॉगमध्ये पक्की झालेली असली पाहिजे. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तर पुन्हा सुरू होताना पोस्टग्रेस शेवटच्या चेकपॉइंटपासूनच्या, म्हणजे जिथपर्यंतची खतावणी डिस्कवर पक्की झाली आहे त्या टप्प्यापासूनच्या, नोंदी ओळीनं वाचतं आणि राहिलेली खतावणी पुरी करतं. २००१च्या ७.१ आवृत्तीपासून तिथे ही सोय आहे. या विषयावरचा सर्वांत नावाजलेला शोधनिबंध, 'एरीज', सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९९२मध्ये लिहिला. 'राइट-अहेड लॉग'ला मराठीत रोजकीर्द म्हणावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नवा शब्द घडवायची गरजच नाही, आणि कीर्द पुसून जागा मोकळी करावी असं कुठल्याही मराठी माणसाच्या मनात येणार नाही.

आता वाचनाकडे वळू. हीच कीर्द वाचणारे पुष्कळ असतात. पडलेला सर्व्हर उभा करणारी प्रक्रिया असते, दुसऱ्या यंत्रावरच्या प्रतीकडे बदल धाडणारी असते, नोंदी माणसाला वाचता येतील अशा छापणारं 'पीजी_वॉलडंप' असतं, भरकटलेल्या सर्व्हरला माघारी आणणारं 'पीजी_रिवाइंड' असतं. कीर्द साधारणपणे १६ एमबीच्या फायलींत कापलेली असते, त्या प्रत्येक फाईलला सेगमेंट म्हणतात, आणि फाईलच्या आत आठ-आठ केबीची पानं असतात. नोंद एका पानात मावली नाही तर 'मागील पानावरून पुढे' म्हणावं तशी पुढच्या पानावर, कधी पुढच्या फाईलवर जाते. पानाचा मथळा तपासा, तुकडे जोडा, बेरजेची खूण जुळते का पाहा, एवढी उठाठेव प्रत्येकानं वेगवेगळी का करावी? म्हणून २०१३च्या ९.३ आवृत्तीत वाचनाचं काम वेगळं काढून त्याची 'एक्सलॉगरीडर' नावाची फाईल झाली. फोल्डरचं नाव बदललं तरी हिचं नाव तेच राहिलं. पोस्टग्रेसच्या दारावर आता 'वॉल' आहे आणि घरात अजून 'एक्सलॉग'.

या रीडरचं म्हणणं थोडक्यात असं: पानं कुठून येतात याच्याशी मला कर्तव्य नाही. अमक्या स्थानाचं पान लागलं की मी हाक मारीन. तुम्ही ते डिस्कवरून आणा, संग्रहातून आणा, नाहीतर जाळ्यावरून मागवा. माझ्या पुढ्यात पान ठेवा, त्यातल्या नोंदी मी लावून देतो.

अशा व्यवस्थेला इंग्रजीत 'ॲबस्ट्रॅक्शन' म्हणतात. लॅटिनमध्ये 'त्राहेरे' म्हणजे ओढणं. ट्रॅक्टरमध्ये तोच धातू आहे. 'ॲब्स' जोडलं की अर्थ होतो बाजूला ओढून काढणं. मराठी पारिभाषिक शब्द अमूर्तन किंवा अमूर्तीकरण. 'मूर्त'मागे संस्कृत 'मूर्छ्' हा धातू आहे. घट्ट होणं, साकळणं हा त्याचा अर्थ. मूर्ती, मूर्च्छा आणि संगीतातली मूर्च्छना या तिन्हींचं मूळ हेच. म्हणून जे साकळून आकाराला आलं ते मूर्त आणि ज्याला तसा आकार नाही ते अमूर्त. तत्त्वज्ञानात आणि चित्रकलेत हा शब्द शोभतो. पण एक्सलॉगरीडरमध्ये निराकार असं काय आहे? तिथलं पान अगदी मूर्त आहे, ८१९२ बाइटांचं. फक्त ते कुठून आलं, हा तपशील वाचणाऱ्याच्या नजरेआड ठेवला आहे. तपशील वगळण्याच्या या क्रियेला मराठीत शाळेपासून सगळ्यांच्या तोंडी असलेलं क्रियापद आहे, ते म्हणजे गाळणं. 'गाळलेल्या जागा भरा'मधलं.

या क्रियापदाचा पसारा मोठा आहे. चहा गाळतात, दारू गाळतात, घाम आणि अश्रू गाळतात, यादीतून नाव गाळतात. खाली बसतो तो गाळ, वर उरतं ते गाळीव. आणि या गाळण्याचं मूळ रूप आहे गळणं. पडणं-पाडणं, मरणं-मारणं, तरणं-तारणं, सरणं-सारणं, तसंच गळणं-गाळणं. पहिला स्वर लांबवला की आपोआप होणारी क्रिया कुणीतरी केलेली क्रिया होते. संस्कृतातही 'गलति' आणि 'गालयति' अशीच जोडी आहे. गळण्याचा संसारही तितकाच मोठा. पानगळ, केसगळती, गळकं छप्पर, धरणाची गळती, अवसान गळणं, आणि मधेच शाळा सोडणाऱ्या मुलांची गळती.

इंग्रजीत 'लीकी ॲबस्ट्रॅक्शन' असा शब्दप्रयोग आहे. जोएल स्पोल्स्कीनं २००२च्या लेखात त्याचा नियमच मांडला, तेव्हापासून तो धंद्यातल्या सगळ्यांच्या तोंडी बसला. जरा मोठं कोणतंही ॲबस्ट्रॅक्शन घेतलं तर ते कुठे ना कुठे झिरपतंच, असा त्या नियमाचा आशय. इंग्रजीत 'लीक' आणि 'ॲबस्ट्रॅक्ट' हे दोन परके शब्द जवळ आणावे लागतात आणि त्यांच्यात विरोध दिसतो. मराठीत ते एकाच धातूचे दोन प्रयोग आहेत. जे आपण गाळतो, तेच गळतं. मला हे नुसतं ध्वनिसाम्य वाटत नाही. रीडरच्या बाबतीत गळती नेमकी कुठे लागते ते पाहिलं की गाळलेल्या जागेतूनच ती लागते हे दिसतं.

गाळलेला तपशील होता 'पान कुठून आलं'. आता पोस्टग्रेसमध्ये इतिहासाला फाटे फुटू शकतात. जुन्या क्षणापर्यंत मागे जाऊन तिथून नवी वाट धरली की नवी 'टाइमलाइन' सुरू होते. कीर्दीच्या फाईलचं नाव २४ अंकी असतं आणि त्यातले पहिले आठ अंक या टाइमलाइनचे. रीडर नव्या सेगमेंटकडे वळला की आधी त्या फाईलचं पहिलं पान मागवून मथळा तपासतो, मग हवी ती नोंद दुसऱ्याच पानावर का असेना. पण पहिलं पान कोणत्या फाट्यावरचं आणायचं? ते मुळात कोणती नोंद शोधली जात आहे यावर ठरतं. म्हणून पान मागताना रीडर सोबत शोधातल्या नोंदीचं स्थानही सांगतो. पान आणणाऱ्यानं नोंदींचा विचार करू नये म्हणून ही रचना केली, आणि त्याला नोंदीचा पत्ता द्यावा लागला.

दुसरी गळती याहून खोल आहे. सर्व्हर उभा करताना पानं आणणारं फंक्शन पानाचा मथळा स्वतःच तपासतं. वरकरणी हे जास्तीचं काम, कारण हीच तपासणी रीडर पुढे करतोच. मग दोनदा का? कोडमधल्या टिपेत एक प्रसंग रंगवला आहे. मुख्य सर्व्हरची एक प्रत सुरू होते आणि एका अशा नोंदीपाशी येते जी दोन सेगमेंटांवर पसरली आहे. नोंदीचं पहिलं पान फक्त प्रतीच्या स्वतःच्या डिस्कवर उरलं आहे. मुख्य सर्व्हरनं ते केव्हाच मोडीत काढलं. दुसरं पान मुख्य सर्व्हरकडून मागवायला हवं. पण पोस्टग्रेस वापरून झालेल्या सेगमेंटना पुढची नावं देऊन ठेवतं, पुन्हा वापरता याव्यात म्हणून. त्यामुळे दुसऱ्या पानाच्या नावाची एक फाईल स्थानिक डिस्कवर आधीच हजर असते: नाव नवं आणि आत जुना, निरुपयोगी मजकूर. पान आणणाऱ्यानं तिथल्या तिथे मथळा तपासून ते नाकारलं नाही, तर रीडर पूर्ण नोंद नाकारेल, पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात होईल, पुन्हा तीच फाईल हाती येईल, आणि हे चक्र कधीच थांबणार नाही. एका नोंदीचे दोन अर्धे दोन ठिकाणांहून येऊ शकतात हे रीडरला माहीत नाही, कारण ते मुद्दामच गाळलेलं आहे. ती जाण मग खालच्या थरात गळून येते.

ज्यानं ही टीप लिहिली त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. गळती बुजवली आहे असा आव तिच्यात नाही. कुठे, का आणि कोणत्या प्रसंगी गळतं, हे तिथे मोकळेपणानं सांगितलं आहे.

उरली रीडरची हाक मारून पान मागायची रीत, म्हणजे 'कॉलबॅक'. आपण एखाद्या कोडला बोलावतो आणि जाताना आपल्या फंक्शनचा पत्ता देऊन ठेवतो; गरज पडली की ते कोड उलट आपल्याला बोलावतं, म्हणून 'बॅक'. मराठीत 'प्रतिसाद' चटकन सुचतो. साद हा शब्द 'शब्द'चाच वंशज. संस्कृत शब्द, प्राकृत सद्द, मराठी साद. 'प्रति'चं प्राकृतात 'पडि' झालं आणि मराठीत 'पड'. म्हणजे पडसाद हा अक्षरशः प्रतिशब्द. एकच जोडशब्द दोन वाटांनी आपल्याकडे आला. एका वाटेनं डोंगरावरून परतणारा आवाज झाला आणि दुसऱ्या वाटेनं कोशातला समानार्थी शब्द. इतकं सुंदर कुळ असूनही कॉलबॅकला यातलं काहीच बसत नाही. पडसादात आपलाच आवाज परत येतो, आणि प्रतिसाद हे उत्तर असतं. कॉलबॅकमध्ये समोरचा आपल्याला हाक मारतो. 'हाक' प्राकृतातून आलेला शब्द आहे, आणि गुरं हाकणं, शिकारीतला हाकारा ही त्याचीच भावंडं. तिचा जोडीदार आहे 'ओ'. हाक येते, ओ द्यायची असते. रीडर हाक मारतो, पान आणणारं फंक्शन ओ देतं. या जोडीनं कोण कुणाला बोलावतं हे लगेच स्पष्ट होतं.

आणि जागा ठेवलेल्या पण न वापरलेल्या कॉलबॅकचा गुंताही या जोडीमुळे सुटतो. पोस्टग्रेसमध्ये कीर्दीत नोंदी करणारी अनेक खाती आहेत, कुणी बी-ट्री इंडेक्सचं, कुणी टेबलांचं. नोंदी पुन्हा लागू करण्याआधी आणि नंतर प्रत्येक खात्याला काही तयारी किंवा आवराआवर करायची असेल तर त्यासाठी दोन कॉलबॅक राखून ठेवले आहेत. बहुतेक खात्यांची ही जागा रिकामी, म्हणजे 'नल' आहे. यात काही वावगं नाही. हाक मारणारा आधी पाहतो, ओ देणारं कुणी आहे का. नसेल तर पुढे जातो. इथे हाक खरी आहे, फक्त ओ देण्यासारखं काम नाही.

रीडरमधली गोष्ट वेगळी आहे. २०२०च्या तेराव्या आवृत्तीत रीडरला तीन कॉलबॅक एकत्र बांधून द्यायची रीत आली: पान वाचणं, सेगमेंट उघडणं, सेगमेंट मिटणं. तिन्ही एका ओळीत, एका मानानं. वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं की फाईल उघडायची वेळ आली की रीडर दुसऱ्या कॉलबॅकला हाक मारेल. तो मारत नाही. नोंदी वाचताना रीडर हाक मारतो फक्त पान वाचणाऱ्याला. सेगमेंट उघडणाऱ्याला बोलावतं 'वॉलरीड' नावाचं एक मदतनीस फंक्शन, आणि त्या मदतनिसाला बोलवायचं की नाही हे पुन्हा आपण दिलेलं पान वाचणारं फंक्शनच ठरवतं. म्हणजे आपलंच एक फंक्शन फिरून आपल्याच दुसऱ्या फंक्शनला हाक मारतं, रीडरच्या अंगणातून. सर्व्हर उभा करणारी प्रक्रिया मदतनीस वापरत नाही, स्वतःच फायली उघडते. तिथे ही जागा 'नल' ठेवलेली आहे. 'पीजी_रिवाइंड'ही तसंच करतं आणि फक्त पहिला कॉलबॅक देतं.

इथे ओ देणाऱ्याला नेमणूक आहे, पण रीडरकडून हाक येणार नाही. पहिल्या प्रकारच्या रिकाम्या जागेनं कुणाचं नुकसान होत नाही. दुसऱ्या प्रकारची जागा मात्र नव्या माणसाला चुकीची गोष्ट शिकवते. तो बिनगरजेचं फंक्शन लिहून बसतो, किंवा उलट, जागा 'नल' ठेवून पुढे कधीतरी 'वॉलरीड' बोलावतो आणि प्रोग्रॅम कोसळतो.

हाक-ओची ही पद्धतच काढून टाकायचा प्रयत्न झालेला आहे. एप्रिल २०२१मध्ये, चौदाव्या आवृत्तीची तयारी चालू असताना, पान वाचण्याचा कॉलबॅक काढून टाकला गेला. रीडरनं हाक मारण्याऐवजी थांबायचं, 'अमकं पान हवं' एवढं सांगून हात वर करायचे, आणि वापरणाऱ्यानं पान भरून पुन्हा त्याला चालू करायचं, अशी नवी घडण होती. मे महिन्यात ती सोबतच्या दुसऱ्या एका कामासह मागे घेतली गेली. पंधराव्या आवृत्तीत कॉलबॅक राहिला. फक्त त्याला 'आत्ता पान तयार नाही, थांबावं लागेल' असंही उत्तर देता येऊ लागलं. मला स्वतःला २०२१ची घडण अधिक प्रामाणिक वाटते, कारण पान कुठून येतं हा प्रश्न तिच्यात रीडरच्या बाहेर राहतो, उत्तर ज्याच्याकडे आहे त्याच्याच हातात. पण चालू डेटाबेसचा पाया हलवताना माघार घेणाऱ्यांना दोष देता येणार नाही.

संगणकशास्त्र मराठीतून शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. अमूर्तीकरण आणि कॉलबॅकसाठी पुनराह्वान असे शब्द फळ्यावर लिहिण्याआधी गाळणं, गळती, हाक, ओ आणि कीर्द वर्गात वापरून पाहा. आणि कोड लिहिणाऱ्यांनो, कॉलबॅकची जागा ठेवाल तेव्हा तिच्या शेजारी एक ओळ लिहा: हाक कोण मारणार, कोणत्या प्रसंगी, आणि ओ आली नाही तर काय होणार. ज्या जागेला या तिन्हींचं उत्तर देता येत नाही, ती काढून टाका.